दुसऱ्यांच्या समुद्रावर जगणारं बंदर

२९ जानेवारी १९८३, शनिवार. संध्याकाळी सहाच्या सुमारास सिंगापूरच्या केपेल बंदरात ‘एनिवेटोक’ हे जहाज टगबोटींच्या मदतीने धक्क्यापासून सुटत होतं. समुद्रतळात तेलविहिरी खोदणारं हे जहाज. त्यावर सत्तर मीटरच्या आसपास उंचीचा पोलादी मनोरा. बंदराच्या डोक्यावरून सेंटोसा बेटाकडे पर्यटकांची केबल कार जाते. मनोऱ्याचं टोक तिच्या तारेत अडकलं, तार ताणली गेली आणि दोन डबे समुद्रात कोसळले. सात जणांचा जीव गेला. तेरा जण उरलेल्या डब्यांत तासन् तास लटकून राहिले. रात्रीच्या अंधारात, वाऱ्याला तोंड देत हेलिकॉप्टरने त्यांना एकेक करून बाहेर काढलं. त्या बचावकार्याचे प्रमुख होते कर्नल ली सीन लूंग, जे पुढे देशाचे पंतप्रधान झाले.

सिंगापुरात ही घटना केबल कारचा अपघात म्हणूनच आठवली जाते. जहाजाकडे फारसं कुणी पाहत नाही. पण ज्या देशाच्या समुद्रात तेलाची एकही विहीर नाही, त्याच्या भर शहरातल्या धक्क्यावर विहिरी खोदणारं जहाज असतं कशासाठी? उत्तर सोपं आहे: अशी जहाजं सिंगापूरला सतत येतात. दुरुस्तीला, सामान भरायला, माणसं बदलायला, नवी बांधून घ्यायला. तेल दुसऱ्यांचं, समुद्रही दुसऱ्यांचा. त्या समुद्रात उतरायला लागणारी हत्यारं, कारागीर आणि कर्ज मात्र सिंगापूरकडून. सत्तरच्या दशकात दूरदर्शी सरकारने हा धंदा आखला आणि उभा केला, असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धं खरं आहे. समुद्राच्या तळाशी काहीतरी लांबलचक पसरत नेण्याच्या उद्योगाशी या बेटाचा संबंध त्याच्या सव्वाशे वर्षं आधीपासूनचा, आणि त्याची सुरुवात एका झाडाच्या चिकापासून झाली.

मलाय द्वीपकल्पातले लोक तबानच्या झाडाचा चीक काढून कोयत्यांच्या मुठी बनवत. हा चीक गरम पाण्यात मऊ पडतो, हवा तो आकार घेतो आणि निवला की टणक होतो. ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यचिकित्सक विल्यम माँटगोमेरी यांनी १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला धाडले. त्याच सुमाराला सिंगापुरातले पोर्तुगीज व्यापारी जोसे द आल्मेडा यांनीही ते तिकडे नेले. गटापर्चा या नावाने तो युरोपच्या बाजारात आला. सुरुवातीला त्याच्या छड्या, चेंडू, दागिने झाले. मग वेर्नर सीमेन्स या प्रशियन अधिकाऱ्याच्या लक्षात आलं, की तांब्याच्या तारेवर हा चीक चढवला तर वीज बाहेर झिरपत नाही. रबर समुद्राच्या पाण्यात खराब होई. गटापर्चाचं उलटं होतं: गार, काळोख्या, दाबाखालच्या पाण्यातच तो सर्वांत चांगला टिके. १८५१ मध्ये डोव्हर ते कॅले अशी समुद्राखालची तार चालू झाली आणि सिंगापूरच्या बाजारात या चिकाचे भाव चढले.

त्यातून गब्बर झालेला पहिला माणूस म्हणजे जोहोरचा तेमेंगोंग, म्हणजे मलाय सरदार, इब्राहिम. त्याचं ठाणं तेलोक ब्लांगाला, आजच्या केपेल बंदराच्या अगदी लगत. जोहोरच्या जंगलातून येणारा चीक आपल्याच हातून विकला जाईल, असा बंदोबस्त त्याने केला. झाडाला खाचा पाडून चीक हळूहळू गोळा करण्याइतका धीर कुणालाच नव्हता. झाड सरळ आडवं केलं जाई, आणि एवढं मोठं झाड पाडून हाती येई तो चीक शेरभरही नसे. दहा-पंधरा वर्षांत सिंगापूर बेटावरची तबानची झाडं संपली. मग जोहोर, सुमात्रा, बोर्निओ. चीक सगळीकडून येई आणि वजन, प्रतवारी, विक्री सिंगापुरात होई. स्वतःकडे माल नसताना मालाचं केंद्र बनण्याची या शहराची रीत तेव्हाच ठरून गेली होती.

इथे मुंबई कथेत येते. १८७० च्या सुरुवातीला त्या काळचं जगातलं सर्वांत मोठं जहाज ‘ग्रेट ईस्टर्न’ पोटात केबल भरून मुंबईत आलं. उन्हाने चिकाचं वेष्टण मऊ पडू नये म्हणून जहाजाला पांढरा रंग दिला होता. फेब्रुवारीत ते मुंबईहून निघालं आणि एडनपर्यंत तार अंथरत गेलं. पाठोपाठ मद्रास-पेनांग-सिंगापूर ही तार पडली आणि जानेवारी १८७१ पर्यंत सिंगापूर लंडनशी जोडलं गेलं. त्याआधी १८५९ मध्ये डचांनी सिंगापूर ते बटाव्हिया अशी तार टाकून पाहिली होती. ती वारंवार तुटली आणि शेवटी सोडून द्यावी लागली. समुद्रतळ आधी नीट मोजा, पोवळ्यांचे खडक आणि जहाजांची नांगर टाकण्याची ठिकाणं चुकवा, दुरुस्तीचं जहाज जवळच्या बंदरात तयार ठेवा, हे धडे त्या अपयशातून मिळाले. १८७१ नंतर सिंगापुरातून हाँगकाँगकडे, जावाकडे आणि तिथून ऑस्ट्रेलियातल्या डार्विनकडे तारा गेल्या. केबलच्या गुंडाळ्या साठवायच्या टाक्या, दुरुस्तीची जहाजं, तळ चाचपणारे गळ आणि ते वापरणारे खलाशी या बंदरात रुळले.

तेल आलं ते वीस वर्षांनी, आणि तेही वळसा घालून. शहराजवळ रॉकेलचा मोठा साठा करायला परवानगी मिळेना, म्हणून मार्कस सॅम्युएल या लंडनच्या व्यापाऱ्यासाठी साइम अँड कंपनीने बंदराच्या हद्दीबाहेरचं पुलाउ बुकोम हे बेट निवडलं. तिथे टाक्या उभ्या राहिल्या. तोवर रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून, लाकडी खोक्यांत भरून येत असे. १८९२ मध्ये ‘म्युरेक्स’ हे टँकर बातुमचं रशियन रॉकेल थेट टाक्यांत भरून सुएझ कालव्यातून निघालं आणि बुकोमला पोचलं. सॅम्युएलची कंपनी पुढे शेल झाली. याच बेटावर १९६१ मध्ये सिंगापूरची पहिली तेलशुद्धीकरण रिफायनरी सुरू झाली.

तारेचा धंदा आणि तेलाचा धंदा अजून वेगळेच होते. त्यांची गाठ पडली दुसऱ्या महायुद्धात, इंग्लिश खाडीत. नॉर्मंडीत उतरलेल्या फौजांना इंधन पोचवायला समुद्राखालून नळ टाकायचा होता आणि तोही रातोरात. अँग्लो-इराणियन ऑइल कंपनीचे मुख्य अभियंता आर्थर हार्टली यांनी सुचवलं, की समुद्री केबलच घ्या, आतली तांब्याची तार आणि तिचं वेष्टण काढा, उरेल त्या पोकळीतून पेट्रोल सोडा. सीमेन्स ब्रदर्सच्या केबल कारखान्याने तसा शिशाचा नळ बनवला. दुसरा प्रकार पोलादी नळाचा होता. तो तरंगत्या अवाढव्य रिळावर गुंडाळून ओढत नेला. ऑगस्ट १९४४ मध्ये वाइट बेटावरून शेरबुर्गकडे पहिला नळ गेला. त्यातून आलेलं इंधन सुरुवातीला नगण्य होतं. युद्धाच्या गोष्टी सांगणारे हे सहसा गाळतात. पण रिळावरून नळ उलगडत टाकायची कल्पना टिकली आणि पुढे खोल समुद्रात तिचा मोठा धंदा झाला.

सिंगापूरच्या किनाऱ्यावर या विद्येला गिऱ्हाईक मिळालं ते साठच्या दशकात. ब्रुनेईच्या समुद्रात १९६३ मध्ये साउथ वेस्ट अंपा क्षेत्रात तेल लागलं. १९६६ मध्ये इंडोनेशियाने समुद्रातल्या तेलासाठी उत्पादन-वाटपाचा पहिला करार केला. १९६८ मध्ये सारावाकच्या समुद्रातून तेल येऊ लागलं. चहूबाजूंनी तेल, मध्ये कोरडं सिंगापूर. आणि नेमक्या त्याच वर्षी, जानेवारी १९६८ मध्ये, ब्रिटनने जाहीर केलं की सुएझच्या पूर्वेकडचे लष्करी तळ बंद होणार. सिंगापूरच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या तळांवर अवलंबून होता. सेंबावांगच्या नौदल गोदीत वेल्डर होते, फिटर होते, क्रेन होत्या, कोरड्या गोद्या होत्या आणि उद्याचं काम नव्हतं.

सरकारने ही गोदी ताब्यात घेऊन सेंबावांग शिपयार्ड काढलं आणि चालवायला इंग्लंडच्या स्वान हंटर कंपनीला दिलं. बंदर प्राधिकरणाची गोदी केपेल शिपयार्ड झाली. जपानच्या आयएचआयबरोबर जुरोंग शिपयार्ड १९६३ पासूनच उभं होतं. डच अर्थतज्ज्ञ आल्बर्ट विन्सेमियस यांनी जहाजबांधणी आणि दुरुस्तीवर भर द्यायला १९६१ च्या अहवालातच सांगितलं होतं. पण तेलाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली १९६७ मध्ये सुरू झालेली एक लहान कंपनी. टेक्सासमधल्या ऑरेंज गावच्या लेव्हिंग्स्टन यार्डाशी तिने हातमिळवणी केली, फार ईस्ट लेव्हिंग्स्टन असं नाव घेतलं आणि रिग बांधायला घेतल्या. १९७१ मध्ये केपेलने तिच्यात हिस्सा घेतला. तरंगत येऊन समुद्रात आपले लांब पाय रोवून उभी राहणारी जॅक-अप रिग हा तिचा हातखंडा. सत्तरच्या दशकात अशा रिग बांधण्यात अमेरिकेखालोखाल सिंगापूरचं नाव घेतलं जाऊ लागलं. समोरच्या बाताम बेटावर इंडोनेशियाच्या पेर्तामिनाने तेलकामाचा तळ उभारला आणि मॅकडरमॉट या अमेरिकी कंपनीने तिथे प्लॅटफॉर्म बांधायचं मोठं यार्ड काढलं.

हे सगळं किंमत मोजल्याविना झालं नाही. १२ ऑक्टोबर १९७८ रोजी जुरोंग शिपयार्डात दुरुस्तीला आलेल्या ‘स्पायरॉस’ या टँकरचा स्फोट झाला आणि ७६ कामगार दगावले. सिंगापूरच्या औद्योगिक इतिहासात त्याहून मोठा अपघात नाही. प्रगतीच्या चकचकीत पुस्तकांत त्याला जागा मिळते ती एखाद्या ओळीची.

रिग विहीर खोदते. तेल किनाऱ्यावर आणायचं तर नळ लागतो, आणि नळ टाकणारं बार्ज हा एक तरंगता कारखाना असतो. बारा-बारा मीटरचे पोलादी नळ गंजरोधक थर चढवून आणि वर काँक्रीटचं जाड वेष्टण घालून येतात. काँक्रीटचं वजन नसेल, तर वायूने भरलेला रुंद नळ तळाशी बसायचंच नाकारतो. बार्जच्या लांबीभर वेल्डरांची ठाणी ओळीने मांडलेली. पहिल्या ठाण्यावर दोन नळांची तोंडं जुळवून वेल्डिंगचा पहिला थर, पुढच्या ठाण्यावर दुसरा, त्यापुढे तिसरा, शेवटी एक्स-रे. जोड पास झाला की उघड्या सांध्यावर वेष्टण चढतं आणि बार्ज एका नळाच्या लांबीइतकं पुढे सरकतं. जुनी बार्ज स्वतःच्या इंजिनावर सरकत नाहीत. त्यांचे आठ-दहा नांगर चहूकडे लांबवर टाकलेले असतात. पुढच्या नांगरांच्या तारा ओढायच्या, मागच्यांच्या सैल सोडायच्या. टगबोटी दिवसरात्र एकेक नांगर उचलून पुढे नेऊन टाकत राहतात.

मागच्या टोकाला स्टिंगर नावाचा कमानदार सांगाडा असतो. त्यावरून नळ पाण्यात उतरतो: वर एका बाजूला वाकतो, तळ जवळ आला की उलट्या बाजूला. एवढं जाड पोलाद वाकतं हे पाहूनच नवख्याला धडकी भरते. नळाला घट्ट पकडून ताण देणारी यंत्रं बार्जवर असतात आणि सगळी भिस्त त्या ताणावर. लाटेने बार्ज हललं, ताण सुटला, तर नळ आपल्याच वजनाने दुमडतो. दुमडलेल्या जागेला चीर पडून पाणी शिरलं तर वजन आणखी वाढतं आणि काम थांबतं. मग पाणबुडे उतरतात. ते कित्येक दिवस, कधी महिनाभर जहाजावरच्या दाबबंद कोठडीत राहतात, म्हणजे प्रत्येक पाळीनंतर दाब उतरवत बसावं लागत नाही. नळाचं टोक प्लॅटफॉर्मच्या पायाशी पोचलं, की तिथून वर चढणाऱ्या उभ्या नळाला ते जोडायचं. हा उभा नळ म्हणजे रायझर, सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत नाजूक जागा. २७ जुलै २००५ ला भर पावसाळ्यात ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर आदळलं, ते रायझरवरच. वायू भडकला, प्लॅटफॉर्म जळून गेला, २२ जण मरण पावले. त्या जहाजाच्या दाबबंद कोठडीत सहा पाणबुडे अडकले होते. त्यांना नंतर जिवंत बाहेर काढता आलं, हे त्या दिवसातलं आश्चर्यच.

मुंबई हायचं तेल फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने शोधलं आणि २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल टँकरमध्ये भरून आणावं लागे. मग उरणपर्यंत दोनशे किलोमीटरच्या आसपास लांबीचे दोन नळ आले, एक तेलाचा आणि एक वायूचा. किनाऱ्याजवळ न्हाव्याला ओएनजीसीचा तळ झाला, जिथून बोटी पाणी, विहीर खोदताना लागणारा चिखल, सिमेंट आणि भाजीपाला घेऊन समुद्रात जातात. सिंगापूरच्या पूर्व टोकाला लोयांगचा तळ हेच काम करतो. फरक इतकाच, की न्हाव्याच्या बोटी एका समुद्रात जातात आणि लोयांगच्या सात-आठ देशांच्या. लोयांगच्या औद्योगिक वसाहतीलगत तुआ पेक काँगचं देऊळ आहे. चिनी देवतांबरोबर तिथे गणपतीही आहे आणि मलाय परंपरेतल्या दातोकचं स्थानही. ऐंशीच्या दशकात किनाऱ्यावर टाकून दिलेल्या मूर्ती गोळा करून मित्रांच्या एका टोळक्याने ते उभं केलं.

मुंबईच्या समुद्रात नळ टाकायचा हंगाम ऑक्टोबर ते मे. जून उजाडला की बार्ज निघून जातात. दक्षिण चीन समुद्र उलट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत खवळलेला असतो. दोन्ही समुद्रांच्या मधोमध बसलेल्या कंत्राटदाराला आपली जहाजं वर्षभर कामात ठेवायची सोय सिंगापुरात जितकी आहे, तितकी मुंबईत नाही. शिडाच्या जहाजांच्या काळातही हे बंदर दोन मोसमी वाऱ्यांवरच जगत होतं.

ओएनजीसीच्या कंत्राटांची गोष्ट समुद्रात संपत नाही, कोर्टात जाते. बर्न स्टँडर्ड या सरकारी कंपनीला मिळालेलं प्लॅटफॉर्म आणि नळांचं काम तिने १९८४ मध्ये मॅकडरमॉटला पोटकंत्राटावर दिलं. पैशांचा वाद लवादाकडे गेला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २००६ मध्ये. विहिरीत घालायचे नळ उशिरा आले म्हणून ओएनजीसीने सॉ पाइप्स या पुरवठादाराचे पैसे कापले, त्यावरचा २००३ चा निकाल भारतातला लवाद-कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला आजही वाचावा लागतो. सिंगापूरने १९९१ मध्ये स्वतःचं आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र उघडलं. दुसऱ्यांचे नळ जोडून देणाऱ्या शहराने दुसऱ्यांची भांडणं मिटवून द्यायचंही दुकान मांडावं, यात त्याच्या स्वभावाविरुद्ध काहीच नव्हतं. तिथे भारतीय पक्षकारांची वर्दळ मोठी असते.

या धंद्याचं सिंगापूर स्वतः गिऱ्हाईक झालं ते उशिरा. जानेवारी २००१ मध्ये इंडोनेशियाच्या पश्चिम नातुना क्षेत्रातून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास लांबीच्या समुद्री नळाने वायू येऊ लागला. दोन वर्षांनी दक्षिण सुमात्राचा वायू आला. नातुनाचा नळ जिथे जमिनीला लागतो ते जुरोंग बेटही भर घालून, सात लहान बेटं जोडून बनवलेलं. आज सिंगापूरची सुमारे ९५ टक्के वीज वायूवर बनते.

मग आली २००० नंतरची तेजी. जगातल्या जॅक-अप रिगांपैकी सत्तर टक्के आपल्या यार्डांत बनतात, असं सिंगापूर अभिमानाने सांगत असे. यार्डांतले हात तोवर बहुतांशी तमिळनाडू आणि बांगलादेशातून येऊ लागले होते. स्विबर ही १९९६ मध्ये सुरू झालेली स्थानिक कंपनी नळ टाकण्याच्या कामात उतरली. ओएनजीसी तिचं मोठं गिऱ्हाईक. एझ्रा या दुसऱ्या कंपनीने २०११ मध्ये नॉर्वेच्या आकरचा समुद्रतळाचा विभाग विकत घेतला आणि ‘लेवेक कॉन्स्टेलेशन’ हे खोल समुद्रात नळ टाकणारं प्रचंड जहाज उभं केलं. सगळं कर्जावर.

२०१४ च्या मध्याला बॅरलला ११५ डॉलर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला तीसच्याही खाली गेलं. पश्चिम आफ्रिकेतलं ७१ कोटी डॉलरचं काम लांबलं आणि जुलै २०१६ मध्ये स्विबरने कंपनी गुंडाळायचा अर्ज केला. काही दिवसांतच तो बदलून न्यायालयीन व्यवस्थापन मागितलं. डीबीएस बँकेचे सुमारे ७० कोटी सिंगापूर डॉलर अडकले होते. मार्च २०१७ मध्ये एझ्राही अमेरिकेतल्या दिवाळखोरी न्यायालयात गेली. तिचं ते दिमाखदार जहाज इटलीच्या सायपेमने घेतलं आणि नावातलं ‘लेवेक’ काढून आपलं नाव लावलं. केपेलवर वेगळंच बालंट आलं: ब्राझीलमधली कंत्राटं मिळवायला लाच दिल्याच्या प्रकरणात तिच्या ऑफशोर कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये ४२ कोटी २० लाख डॉलर भरून तडजोड केली. स्वच्छ कारभाराची जाहिरात करणाऱ्या देशाला हे झोंबलं.

२०२३ मध्ये केपेलचा तो विभाग आणि सेंबकॉर्प मरीन ही सिंगापूरचीच दुसरी यार्ड-कंपनी एकत्र येऊन सीट्रियम ही कंपनी झाली. तिच्या मागणी-वहीत आता तेलाच्या प्लॅटफॉर्मशेजारी उत्तर समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणणारे प्लॅटफॉर्मही आहेत, नेदरलँड्सच्या टेनेट कंपनीसाठी. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सिंगापूरच्या ऊर्जा प्राधिकरणाने सन केबल या ऑस्ट्रेलियन कंपनीला सशर्त मान्यता दिली: डार्विनकडून सुमारे ४,३०० किलोमीटर समुद्री तारेने १.७५ गिगावॉट वीज आणायची. तारेचा मार्ग इंडोनेशियाच्या पाण्यातून जातो. त्यामुळे जकार्ताच्या परवानग्या, तळाची मोजणी आणि एवढी लांब तार बनवणारा कारखाना शोधणं, ही सगळी कामं अजून पुढे आहेत.